चौदावी रांग

आमच्या संघाचं नाव गांद्राई, म्हणजे करकोचे.
नाव ठेवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं
की करकोचे ऑगस्टअखेर आफ्रिकेला निघून जातात
आणि लीग सुरू होते सप्टेंबरात.

लिथुआनियाच्या नकाशात आमचं गाव शोधायला
बोट चालत नाही, नख लागतं.
सलग अकरावी हार.
बाहेर उणे सोळा, आत हॉलमध्ये
लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाचा वास
आणि चौदाव्या रांगेत आम्ही चौघं,
तिकिटाचे पैसे वसूल करत, म्हणजे बोलत.

आधी रिमगाउदास. साखर कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर,
म्हणून आपण माणूस तोलूनच बोलतो, असं त्याचं म्हणणं.
"हा सात नंबर. दोन मीटर आठ.
एवढ्या उंचीचं करायचं काय?
पाठवा आमच्या सासूकडे, पडदे लावून देईल.
रिबाउंड डोक्यावरून जातो
आणि हा बघतोय, सुटलेल्या बसकडे बघावं तसा."

मग ओडेल प्रुइट, नऊ नंबर, अमेरिकेहून आलेला.
त्याच्यावरून आमच्यात दोन तट.
युर्गिस म्हणतो, पगारापुरतं खेळतो.
मी म्हणतो, तीन महिने पगारच झालेला नाही,
त्या हिशेबाने जरा जास्तच खेळतो.
डाव्या गुडघ्याला पट्टी.
उडी मारण्याआधी तो किंचित थांबतो,
गार पाण्यात पाय घालण्याआधी थांबावं तसा.
घरी टीव्हीवर हे दिसत नाही.

अठरा वर्षांचा एइमांतास, आमच्याच शाळेतला.
त्याला कुणी काही बोलायचं नाही.
हा नियम कुणी केला नाही. आहे.

कोचवर मात्र एकमत.
टाइम-आउट घेतो तो
घराची राख झाल्यावर बंब यावा तसा.
तेव्हा दांगुओले उभी राहते.
सुपरमार्केटच्या काउंटरवर दिवसभर
"धन्यवाद, पुन्हा या" म्हणून जे साठतं
ते सगळं इथे ओतते:
"झोन सोड! अरे आंधळ्या, झोन सोड!"

मंगळवारी रात्री, दुकान बंद होता होता,
तो तिच्याच काउंटरवर आला.
एक केफिर, अर्धा पाव, बॅटरीचे चार सेल.
पाच महिने या माणसासाठी
तिने वाक्यं घासूनपुसून ठेवली होती.
ती म्हणाली, "पिशवी हवी?"
तो नाही म्हणाला. सेल खिशात टाकले.
मग नाणी मोजताना, मान खालीच,
"झोनचं तुमचं बरोबर होतं.
दोन मिनिटं आधी सोडायला हवा होता."

शनिवारी बारावी मॅच. दांगुओले गप्प.
मांडीवर मफलरची घडी,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असल्यासारखी.
घसा बसलाय का, रिमगाउदासने विचारलं,
तेव्हा तिने सांगितलं, केफिर, सेल, सगळं.
आम्हाला आधी रागच आला.
म्हणजे त्याला ऐकू येत होतं?
मग बाकीचंही ऐकलं असणार. त्याच्या बायकोबद्दलचं.
युर्गिस वाकून बुटाची नाडी बांधायला लागला,
बांधलेलीच होती.

तिसरा क्वार्टर, आम्ही अकराने मागे.
प्रुइट बेंचवर, गुडघ्यावर बर्फ.
कोचने टाइम-आउट घेतला, पहिल्यांदाच वेळेवर,
आणि हातात फळी धरून वळला, वर पाहिलं.
आमच्याकडेच, असं म्हणता येणार नाही;
घड्याळही आमच्याच डोक्यावर आहे.

दांगुओले उठली. तोंड उघडलं.
आणि आम्हा चौघांना एकदमच कळलं
की आता काय करावं हे आम्हालाही माहीत नाही.
"पोराला घाल," ती म्हणाली.
ओरडली नाही, म्हणाली. तरी ऐकू गेलं असावं,
कारण खाली एइमांतास उभा राहून
जॅकेटची चेन ओढत होता,
मध्येच अडकलेली.